हिरूमावशीचे चंद्र

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सगळे चंद्राकडे तोंड करून बसायचे आणि हिरूमावशी एकटी पाठ करून. मसाला दूध प्यायची, भेंड्यांमध्ये खड्या आवाजात गायची, कुणाच्या सुनेचं काय चाललंय त्याची चौकशी करायची, पण मान म्हणून वळवायची नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांना उजेड सोसत नसेल. मी म्हटलं, "मावशी, इकडे बसा ना, काय सुंदर दिसतोय!" तर म्हणाली, "तूच बघ गो बाय. चांदोबा सगल्यांचा मामा, माझा नाय."

आम्ही राहतो बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत. बिल्डरनं जाहिरातीत 'नदीचा सहवास' असं छापलं होतं आणि दर पावसाळ्यात नदी त्याचा शब्द पाळते. तळमजल्यावर हिरूमावशीचं रद्दीचं दुकान होतं. माहेर वांगणीकडचं, आगरी शेतकऱ्याचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उंची पाच फूटही नसेल, पण वर्तमानपत्रांचा गठ्ठा असा उचलायची की बघणाऱ्या पुरुषांनी लाजून नजर फिरवावी. मूलबाळ नाही, असं सगळे म्हणायचे. विचारलं तर तीही तसंच सांगायची.

तिची-माझी खरी ओळख पुरात झाली. त्या वर्षी पाणी पहाटेपासून चढत होतं आणि सकाळी आठला जिन्याच्या सहाव्या पायरीवर आलं. मी दुसऱ्या मजल्यावरून पायऱ्या मोजत होते. तेवढ्यात ही बाई कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आली. दुकानातली सगळी रद्दी पाण्यात गेली होती. म्हटलं, हिनं दागिने वाचवलेले दिसतात, नाहीतर गाळ्याची कागदपत्रं.

"काय आहे त्यात, मावशी?"

"चंद्र हायेत. जरा पंख्याखाली ठेवू?"

लाइट कुठे होते पंखा चालायला! तिनं प्लॅस्टिक सोडून आतली फाइल उघडली आणि आमच्या दिवाणावर, खुर्च्यांवर, फ्रिजवर पानं वाळत घातली. मुलांच्या मासिकांतली, फाटक्या ज्ञानकोशांतली, इंग्रजी, मराठी, हिंदी, रद्दीत जे सापडेल ते. प्रत्येक पानावर कुठल्या ना कुठल्या देशाचा चंद्र. मी थरथरतेय हे बघून म्हणाली, "पान्याला काय भियाचा? पानी दिसतं. दिसतं त्याचा डर नाय गो." मला तेव्हा तिचा रागच आला. खाली आमची स्कूटर बुडत होती आणि ही मला शहाणपण शिकवत होती.

त्यानंतर दर रविवारी दुपारी ती फाइल घेऊन वर यायची. शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे मराठी वाचायची, इंग्रजी मी वाचून सांगायची. मी बीएस्सी केमिस्ट्री, अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीत लॅबला आहे. देवादिकांशी माझा संबंध आरतीपुरता. पण हिच्या नादानं मला कळलं की चंद्र हा काही सगळीकडे बुवा नसतो. ग्रीसमध्ये तो बाई आहे, रथातून फिरते. चीनमध्येही बाईच, अमर व्हायचं औषध प्यायली आणि तरंगत वर गेली, सोबतीला ससा. उत्तरेकडे बर्फातल्या लोकांचा चंद्र हा सूर्याचा भाऊ. तो बहिणीच्या मागे धावतो, धावता धावता जेवायचं विसरतो, म्हणून बारीक होत जातो. "मेल्याला डबा द्यायला कोन नाय," मावशी म्हणाली होती. फिलिपिन्सला समुद्रातला एक अजगर चंद्र गिळतो आणि लोक भांडी बडवून त्याला ओकायला लावतात. हे ऐकून ती एवढी हसली की चहा सांडला.

फाइलीतच तिची एक वही असायची, तिच्यात चार रकाने होते. देश, चंद्राचं नाव, बाई की बुवा, आणि शेवटचा: काय करतो. मी एकेक गोष्ट वाचून संपवली की तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "ते ऱ्हाऊ दे. हा गरवार बायांना काय करतो?" बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तरच नसायचं. मग ती त्या रकान्यात लिहायची, 'म्हाईत नाय.' मी चेष्टा करायची, "मावशी, तुम्ही पीएचडी करताय का?" तर म्हणायची, "कागद भिजतो, बाय, पन मानसासारखा खोटा बोलत नाय. एक दिस खरा काय ते सांगल."

दोन गोष्टींवर मात्र ती अडायची. एक इराककडच्या जुन्या लोकांची. त्यांच्या चंद्रदेवाचं एका गाईवर प्रेम होतं. गाय व्यायला अडली आणि हंबरायला लागली, तेव्हा त्यानं वरून दोघींना पाठवलं. एकीनं गाईच्या कपाळाला तेल लावलं, दुसरीनं अंगावर पाणी शिंपडलं, आणि वासरू सुखरूप बाहेर आलं. तिथल्या बाया अडल्या की त्यांच्यासाठी हीच गोष्ट म्हणायचे. मावशीनं ती मला किती वेळा वाचायला लावली असेल! पण शेवटी मान हलवायची, "बरा हाय. आपला तसा नाय."

दुसरी मेक्सिकोची. तिकडे ग्रहण म्हणजे चंद्राला घेतलेला चावा. पोटुशीनं ते बघितलं तर पोटातल्या मुलाच्या ओठालाही चावा बसतो, मूल फाटक्या ओठाचं होतं. म्हणून पूर्वी त्या बाया काळ्या दगडाची सुरी अंगाशी धरायच्या, आता पोटाजवळ कपड्याला सेफ्टी पिन लावतात. मी हे हसत हसत वाचलं. मावशी हसली नाही.

"सुरी धरतात?"

"हो. धार असली की बाळ वाचतं, असं त्यांचं म्हणणं."

"परत वाच."

मी तीनदा वाचलं. ती चहा तसाच टाकून खाली गेली आणि पुढचे दोन रविवार आली नाही. मला वाटलं, माझं काही चुकलं. मी विचारलं नाही, आपण शेजारी असून कितीतरी गोष्टी विचारत नाही.

मला त्याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा मी आनंदानं नाही, भीतीनं रडले. साताऱ्याहून सासूबाई आल्या. मनानं फार चांगली बाई, पण घाबरट, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं त्यांना कॅलेंडरमध्ये रोज एक राक्षस सापडायचा. अमावास्येला हे नको, तिन्हीसांजेला ते नको. मी आधी वाद घालायची. सातवा लागला तशी मी वाद घालणं सोडलं. आठव्यात तर मीच विचारायला लागले, "आई, आज नखं कापलेली चालतील का?" केमिस्ट्री गेली चुलीत.

नववा लागला आणि ग्रहण आलं. ग्रस्तोदित, म्हणजे चंद्र उगवणारच ग्रासलेला. सासूबाईंनी आठ दिवस आधीपासून तयारी केली होती. सकाळपासून मला एका खोलीत बसवलं. पडदे लावून फटींत चादरी खोचल्या. सुरी, कात्री, विळी, सुईसुद्धा त्यांनी कपाटात कुलपात टाकली. खायचं नाही, झोपायचं नाही, काही चिरायचं नाही, जप करायचा. नवरा सेकंड शिफ्टला, त्याचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये.

रोज चार वाजता माझं बाळ पोटात फुटबॉल खेळायचं. त्या दिवशी चार वाजले, साडेचार झाले, काही नाही. मग आठवायला लागले, दुपारी तरी हललं होतं का? सकाळी? जपाची माळ हातातच राहिली. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं, ग्रहणात बाळ निपचितच राहतं. त्यालाही कळतं. शहाणं आहे. सुटलं की बघ कसं हलेल."

आणि मी विश्वास ठेवला. लिहायला लाज वाटते, पण ठेवला. मी माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून ओढत होते आणि स्वतःला समजावत होते की माझं बाळ किती गुणी, ग्रहण पाळतंय.

साडेपाचला दारावर थाप पडली. हिरूमावशी होती. ग्रहणाच्या दिवशी ती दुपारीच शटर ओढायची आणि कुणाच्या तरी घरी जाऊन बसायची, एकटी राहायची नाही. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, चेहरा पांढरा. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं तिनं सहज विचारलं, "पोर काय बोलतंय?"

"सकाळपासून हललं नाही, मावशी. ग्रहण आहे ना."

ती वळली. मी तिचा तसा चेहरा पुरातही पाहिला नव्हता.

"सकालपासून? आनि तू बसलीस? फोन लाव डाक्टरला. आताच लाव."

हॉस्पिटलच्या सिस्टरनं दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, लगेच या, एक मिनिट थांबू नका. मी उठले, तर सासूबाई दारात आडव्या. त्या रडत होत्या. "तासाभरात सुटतंय गं. एवढा वेळ पाळलंय. आता बाहेर पडलीस आणि काही झालं तर? दोन गेली सुजाता, हे तिसरं. मी नाही जाऊ देणार."

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही विज्ञानाचं काही बोलेल, जगभरचे चंद्र जमवलेली बाई! पण तिनं आधी स्वतःचा पदर पुन्हा घट्ट ओढला. तिनं ब्लाउजला लावलेली सेफ्टी पिन काढली आणि वाकून माझ्या गाऊनला, पोटाशी लावली. सासूबाई किंचाळल्या, "अहो, टोकदार वस्तू! ग्रहणात!"

"हा तोड हाय," मावशी म्हणाली. "मेक्सिकोला बाया लावतात. पिन असली की गरवार बाय ग्रहनात भाईर पडली तरी पोराला काय व्हत नाय. लिवलेला हाय, माज्या फाइलीत हाय."

"शास्त्रात आहे?"

"हाय ना. तिकरच्या शास्त्रात."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, पिनेकडे बघितलं, आणि दारातून बाजूला झाल्या. चप्पल घालताना मला म्हणाल्या, "नीट लागलीय ना? सुटणार नाही ना?" भीतीला भीतीचीच भाषा कळते. मी कित्येक महिने घातलेल्या वादांनी जे झालं नाही ते दोन इंचांच्या पिनेनं केलं.

हॉस्पिटल पूर्वेला, पुलापलीकडे. रिक्षात मी मध्ये, दोघी दोन बाजूंना. रस्ते मोकळे होते. मावशीचा हात माझ्या हातात होता. तिनं खाली मान घालून, रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला सुरुवात केली.

"मना एक पोर झाला व्हता. पैला. मी आठव्यात व्हते, ग्रहन व्हता, आनि मना म्हाईत नवता. मी इलीवर सुके बोंबील कापले. पोर आला तो वरचा ओठ फाटलेला, नाकापरत. त्याला दूध वडता येत नवता. मी बोंडल्यानी पाजायची, नाकातून येयाचा. दीड महिना जगला. सासू बोल्ली, तूच कापलास त्याचा ओठ. सगला गाव तेच बोल्ला. नवरा पन."

माझं सगळं लक्ष पोटाकडे होतं आणि पोट गप्प होतं. सासूबाई दुसऱ्या बाजूनं "रामा, रामा" करत होत्या.

रिक्षा पुलावर चढली आणि समोर तो होता. पूल पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो, म्हणजे थेट त्याच्या तोंडावर. तांबडा, घासायचं राहिलेल्या तांब्याच्या तांब्यासारखा, इमारतींच्या वर नुकता आलेला. मी डोळे मिटले. मग मावशीचा हात हललेला जाणवला म्हणून उघडले. तिनं डोक्यावरचा पदर मागे टाकला होता आणि मान वर करून सरळ त्याच्याकडे बघत होती. नजर हलत नव्हती.

"बघतंय मी तुना," ती त्याला म्हणाली. "काय करायचा ते माजा कर. हिच्या पोराला हात लावू नको."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती गाईची सांग." मी सांगायला लागले. गाय हंबरली, त्यानं वरून ऐकलं, दोघींना पाठवलं. पूल उतरेपर्यंत माझी गोष्ट तीनदा सांगून झाली होती.

हॉस्पिटलात सिस्टरनं पोटाला गार जेली फासली आणि यंत्र फिरवायला लागली. मावशी पडद्याशी उभी राहून पुटपुटली, "ही तेलवाली." यंत्रातून नुसती खरखर येत होती. मग कुठेतरी खोलात एक ठोका लागला. मंद, फार मंद, पण लागला. डॉक्टर धावत आल्या. पुढचं सगळं फार भरभर झालं. सह्या, स्ट्रेचर, आणि ऑपरेशनच्या दाराशी एक बाई माझी पिन काढून घेतेय आणि मी लहान मुलासारखी ओरडतेय, "पिन नको काढू!" ती पिन मावशीनं हातात घेतली. मूठ वर करून मला दाखवली.

मुलगी झाली. नाळ गळ्याला दोन वेढे. अर्धा तास उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाल्या आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सासूबाई नंतर सांगत होत्या, सिस्टर बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "जिवंत आहे ना?" आणि हिरूमावशीनं विचारलं, "ओठ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी वॉर्डात आली. बाळाला घेतलं नाही. आधी हात धुतले, मग एका बोटानं तिचा वरचा ओठ हळूच चाचपला. एकदा, दोनदा. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "पिनेनं राखलं हो. ग्रहण बाधलं नाही."

सलाइन बदलणारी सिस्टर हसली. "अहो आजी, पिन कसली! ओठ तिसऱ्या महिन्याच्या आत जुळलेला असतो. नवव्यात काय तुटणार?"

मावशीचं बोट तिथेच थांबलं. "आनि आठव्यात?"

"आठव्यातही नाही."

"इली चालवली तर?"

"तलवार चालवा. जो ओठ जुळायचा राहतो तो आधीच राहिलेला असतो. त्यात आईचा काय दोष?" सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली. तिला काय कल्पना, तिनं काय केलंय!

मावशी खाली फरशीवरच बसली. मग तिनं मला विचारलं, अगदी शाळेतल्या मुलीसारखं, "मंग त्याचा ओठ कोनी कापला?"

"कुणीच नाही, मावशी."

"मी नाय?"

"नाही. तुम्ही नाही."

ती रडली नाही. रडल्या त्या सासूबाई. त्या खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात धरून राहिल्या. माझे टाके ओढले जात होते, मला खाटेवरून उतरता येत नव्हतं, नाहीतर मीही बसले असते.

तुम्हाला वाटेल, पुढच्या कोजागिरीला ती चंद्राकडे तोंड करून बसली असेल. नाही बसली. इतक्या वर्षांची भीती, ती काय एका सिस्टरच्या बोलण्यानं जाते! पाठ करूनच बसली. फक्त माझी लेक तिच्या खांद्यावर होती आणि मावशीच्या पाठीमागे बघत हात नाचवत होती. मावशी तिला विचारायची, "काय करतंय तो? गप हाय ना?"

मुलगी दोन वर्षांची झाली त्या थंडीत मावशी गेली. न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत आटोपलं. वांगणीहून भाचा आला, त्यानं दुकान रिकामं केलं आणि फाइल माझ्या दारात ठेवून गेला. मी ती बरेच दिवस उघडली नाही, हिंमतच झाली नाही. उघडली तेव्हा मेक्सिकोच्या पानाला ती पिन लावलेली होती. वहीत शेवटी एक नवी ओळ भरलेली होती, तिच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात. देश: मांजर्ली, बदलापूर. नाव: चांदोबा. बाई की बुवा: बुवा. काय करतो: काय नाय करत. उगवतो.

आणि त्याखाली, रकाने सोडून, पानाच्या अगदी कडेला: मी पन काय नाय केला.